एल्व्हाची धरणे आणि डिग्रजचे बरगे

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राहायला आल्यापासून ‘तुम्ही तुमची धरणे कधी पाडणार?’ असे मला इतक्या सहजपणे विचारले जाते की, सांगली जिल्ह्यात वाढलेल्या माणसाने त्यावर चिडू नये तर काय करावे? येथील एल्व्हा नदीवरची दोन धरणे सॅमन माशांसाठी २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली, याचा येथील लोकांना अभिमान आहे आणि तो रास्तही आहे. खालचे धरण १९१३ साली माशांसाठी वाट न ठेवताच बांधले होते. त्यामुळे समुद्रातून अंडी घालायला येणाऱ्या सॅमनला मुखाकडची जेमतेम आठ किलोमीटर नदी उरली होती.

वरच्या, ६४ मीटर उंचीच्या ग्लाइन्स कॅनियन धरणाचे दोन्ही काठांवरचे अवशेष मुद्दाम राखले आहेत. तेथपर्यंत गाडी जात नाही, कारण मोकळ्या झालेल्या नदीने वाटेतला रस्ताच वाहून नेला. पायी जाऊन खाली पाहिले की, जुन्या तलावाच्या तळात उगवलेल्या झाडीतून नदी हवी तशी पसरलेली दिसते. मला मात्र पाडकामाहून अधिक नवल वाटते ते या नदीकाठच्या क्लॅलम आदिवासींचे. मासेमारीचा त्यांचा हक्क १८५५ च्या कराराने मान्य झालेला आहे आणि धरणे हटावीत म्हणून तेच झगडले. तरीही मासे वाढावेत यासाठी २०११ पासून त्यांनी या नदीत जाळे टाकले नाही, आणि २०२३ साली कोहो जातीच्या सॅमनची मासेमारी पुन्हा सुरू केली तीही मर्यादित. ऊस दिसला की पाणी ओढणाऱ्या आमच्या मुलखात इतका धीर कोणी धरला असता, असे मला वाटत नाही.

पण एल्व्हाची वीज मुख्यतः एका कागद कारखान्यासाठी होती आणि ती दुसरीकडून घेता आली. कोयनेतून कृष्णेत सोडलेले पाणी म्हैसाळच्या उपसा योजनेने उचलले नाही, तर जतच्या शेतकऱ्याने ते कोठून आणावे? कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात जावळी-पाटणची गावे बुडाली, त्या धरणग्रस्तांचे पुनर्वसन अजून रखडलेले असताना भिंत पाडण्याची भाषा त्यांच्यापुढे करण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

शिवाय आपला कोल्हापुरी बंधारा माशांच्या बाबतीत एवढा निष्ठुर नाही, हे मी येथे मोठ्या हिरिरीने सांगतो. पावसाळ्यापूर्वी सांगलीजवळच्या डिग्रजच्या कृष्णेवरील बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, खाचांतून उपसून काढतात, मग नुसते खांब उरतात आणि नव्या पाण्याबरोबर वर चढणाऱ्या महसीर माशाला वाट मोकळी होते. (पुढे धोम आणि कोयनेच्या भिंती आहेत, हे मी बहुधा सांगत नाही, रसायनमिश्रित पाण्याने सांगलीत काठाला लागणाऱ्या मेलेल्या माशांविषयी तर मुळीच नाही.) मात्र बरगे काढण्याचा दिवस पाटबंधारे खाते पाणीसाठा आणि पुराचा अंदाज पाहून ठरवते, त्यात माशांच्या विणीचा विचार झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, आणि तेवढा करायला काहीच पाडावे लागणार नाही.