तुम्ही विचारलंत म्हणून: टी. जे. रायन युद्धविरोधी होते का?

ब्रिस्बेनच्या क्वीन्स गार्डन्समध्ये राणी व्हिक्टोरियाच्या पुतळ्याजवळच टी. जे. रायन यांचाही पुतळा आहे. १९१५ ते १९१९ या काळात ते क्वीन्सलँड राज्याचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, होते आणि १९१७ साली सक्तीच्या लष्करभरतीला विरोध करणारे ते ऑस्ट्रेलियातील एकमेव प्रीमियर होते. एवढे सांगितले की भारतातून आलेले पाहुणे हटकून म्हणतात, ‘म्हणजे गृहस्थ युद्धविरोधी होते तर!’ हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की त्याचे उत्तर एकदा नीट लिहून ठेवावे असे वाटले.

ते युद्धविरोधी नव्हते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाने ब्रिटनच्या बाजूने उतरणे त्यांना मान्य होते, स्वेच्छेने होणाऱ्या सैन्यभरतीलाही त्यांचा पाठिंबा होता. त्यांचा विरोध होता तो सक्तीला, आणि त्याहूनही जास्त, सक्तीसाठी लोकांपुढे जे आकडे मांडले जात होते त्यांना. त्यांची सारी लढाई वकिलाची होती, आणि मला त्यांच्याबद्दल जे आकर्षण आहे ते त्यामुळेच.

रायन यांचा जन्म १८७६ साली व्हिक्टोरियातल्या पोर्ट फेअरीच्या परिसरात एका आयरिश शेतकऱ्याच्या घरी झाला. त्यांनी काही वर्षे शाळेत शिकवले, कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे क्वीन्सलँडमधील रॉकहॅम्प्टनला येऊन बॅरिस्टरी सुरू केली. १९०९ साली बारकू मतदारसंघातून ते विधानसभेत गेले. १९१५ च्या निवडणुकीत लेबर पक्षाला ७२ पैकी ४५ जागा मिळाल्या आणि रायन प्रीमियर झाले. शिवाय ॲटर्नी जनरलचे खातेही त्यांनी स्वतःकडे ठेवले. त्यांच्या सरकारने कामगारांच्या नुकसानभरपाईचा विमा राज्याकडे घेतला आणि मांस महाग झाले म्हणून मांसविक्रीची सरकारी दुकाने उघडली, त्यांपैकी पहिले ब्रिस्बेनच्या रोमा स्ट्रीटवर. बाबिंडा या उसाच्या गावात तर चक्क सरकारी हॉटेल निघाले. यांतले बरेच उद्योग पुढे तोट्यात गेले आणि गुंडाळावे लागले, हे त्यांच्या चाहत्यांनीही कबूल करायला हवे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पंतप्रधान बिली ह्यूज हे मूळचे लेबर पक्षाचेच. सक्तीच्या भरतीसाठी त्यांनी ऑक्टोबर १९१६ मध्ये सार्वमत घेतले, ते सुमारे ७२ हजार मतांनी फेटाळले गेले आणि पक्ष फुटला. वर्षभराने, आता नव्या पक्षाचे पंतप्रधान म्हणून, त्यांनी दुसरे सार्वमत जाहीर केले. रायन यांचा मुद्दा अगदी कोरडा होता: स्वेच्छेने जेवढे लोक भरती होत आहेत, तेवढ्यांवर गरज भागते की नाही, हे सरकारच्याच आकड्यांवरून तपासा. पण वृत्तपत्रांवर लष्करी सेन्सॉर बसलेला होता आणि रायन यांच्या भाषणातले नेमके हेच भाग छापण्याआधी कापले जात होते. एका राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाचे बोलणे केंद्राचा अधिकारी कापतो, हा प्रसंग वाचताना आजही चमत्कारिक वाटतो.

यावर त्यांनी काढलेला तोडगा खास बॅरिस्टरी डोक्यातून आलेला होता. सभागृहात उच्चारलेल्या शब्दांना विशेषाधिकाराचे संरक्षण असते आणि त्यांचा अधिकृत वृत्तांत, हॅन्सार्ड, सरकारी छापखान्यातून निघतो. २२ नोव्हेंबर १९१७ रोजी रायन सभागृहात उभे राहिले आणि सेन्सॉरने कापलेले उतारे त्यांनी वाचून दाखवले. त्या दिवसाचा वृत्तांत हॅन्सार्डच्या ३७ व्या अंकात आला आणि कापलेली वाक्ये ठळक टायपात छापली गेली. कोणती वाक्ये लपवायची होती हे वाचकाला शोधावे लागू नये, एवढीच त्या ठळक टायपामागची कल्पना, आणि माझ्या मते त्यांच्या उभ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मिस्कील कृती आहे.

ह्यूज यांना ती सोसली नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री ते स्वतः सैनिक आणि सेन्सॉर अधिकाऱ्यासह ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यात घुसले आणि सुमारे ३,३०० प्रती जप्त करून घेऊन गेले. देशाचा पंतप्रधान एका राज्याच्या छापखान्यावर धाड घालतो, आणि तीही विधिमंडळाच्या कामकाजाच्या वृत्तांतासाठी! रायन यांनी छापखान्यावर राज्याच्या पोलिसांचा पहारा बसवला. त्यांच्यावर युद्धकाळातील कायद्याखाली खटलाही भरण्यात आला, पण तो टिकला नाही.

धाडीनंतर तीन दिवसांनी वॉरविकच्या रेल्वे स्थानकावर सभा सुरू असताना कोणीतरी ह्यूज यांच्यावर अंडे फेकले आणि त्यांची टोपी उडाली. त्यांनी अटकेचा हुकूम सोडला. तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने मात्र आपण क्वीन्सलँडचा कायदा पाळतो असे सांगून तो मानला नाही. संतापलेल्या ह्यूज यांनी लवकरच केंद्राचे स्वतंत्र पोलीस दल उभे केले. अंड्याचा किस्सा सगळ्यांना आठवतो, हॅन्सार्डचा फारच थोड्यांना. ऐकायला गंमत अंड्याच्या किश्शातच जास्त आहे. २० डिसेंबरचे दुसरे सार्वमत आधीपेक्षा मोठ्या, सुमारे १ लाख ६६ हजार मतांच्या फरकाने फेटाळले गेले.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण तिच्याशिवाय हे चित्र खोटे ठरेल. सक्तीच्या विरोधात प्रचार करणाऱ्यांमध्ये असेही भय पसरवणारे बरेच होते की गोरे पुरुष आघाडीवर गेले की त्यांच्या जागी आशियाई मजूर आणले जातील. १९०१ च्या कायद्याने आशियाई लोकांची वाट आधीच अडवली होती आणि लेबर पक्ष ‘गोऱ्या ऑस्ट्रेलिया’च्या धोरणाचा खंदा पुरस्कर्ता होता. रायन यांच्या पक्षाच्या ऑस्ट्रेलियात माझ्यासारख्याला स्थायिक होऊ दिले नसते, हे माहीत असूनच मी त्यांच्या त्या सभागृहातल्या भाषणाचे कौतुक करतो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या काळातल्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

१९१९ मध्ये त्यांनी प्रीमियरपद सोडले आणि वेस्ट सिडनीतून केंद्रीय संसदेत गेले. भावी पंतप्रधान म्हणून त्यांचे नाव घेतले जात होते. जुलै १९२१ मध्ये मॅरानोआ मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, तेव्हा प्रकृती बरी नसतानाही ते पक्षाच्या उमेदवारासाठी क्वीन्सलँडच्या ऐन आतल्या भागात प्रचाराला गेले. ३० जुलैला झालेल्या मतदानात ती जागा लेबर पक्षाने गमावली आणि दोनच दिवसांनी, १ ऑगस्टला, बारकाल्डिन येथे न्यूमोनियाने रायन यांचा मृत्यू झाला. वय होते ४५.