"हलला!"

दांडिया बाजारातल्या आमच्या फिजिओथेरपी क्लिनिकला सोळा पायऱ्या आहेत. काका वर येताना एका चपलेचा फटका ऐकू येत होता. पाऊल उचललं जात नाहीये, हे ते दिसायच्या आधीच कळलं. डाव्या चपलेचं टोक घासून गेलं होतं.

घोट्याच्या फ्रॅक्चरचं प्लास्टर निघून पाच आठवडे झालेले. त्याची वरची कड गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला रुतायची, आणि तिथेच पाऊल वर उचलणारी पेरोनियल नस हाडाला खेटून जाते. दुसऱ्या एका क्लिनिकमध्ये त्यांना तीन आठवडे टेन्स, म्हणजे पॅडमधून सौम्य करंट देणारं मशीन, लावलं होतं. टेन्स दुखण्यासाठी असतं: स्पर्शाच्या नसा चेतवायच्या, म्हणजे दुखण्याचा निरोप मज्जारज्जूतच अडतो, ही मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांची १९६५ सालची कल्पना. काकांचा पाय तर दुखतच नव्हता! पॅड चिकटवून, टायमर लावून निघून जाणारे आमच्याच पेशातले आहेत, याचा संताप येतो.

मी स्टिम्युलेटर, म्हणजे करंट देऊन स्नायू हलवणारं मशीन, काढलं. आधी फॅरॅडिक, म्हणजे छोट्या पल्सचा करंट. नडगीच्या बाहेरच्या अंगाने पेन इलेक्ट्रोड फिरवला, जागा बदलल्या, पुन्हा जेल लावलं, सोसेल तितका करंट वाढवला. काही नाही. उजव्या पायाला त्याहून कमी करंटवर पाऊल झटकन वर आलं. फॅरॅडिकचा पल्स जेमतेम १ मिलिसेकंदाचा, तो नसेमार्फतच स्नायू हलवतो. नस निकामी असेल तर थेट स्नायूला चेतवायला लांब पल्स लागतो. म्हणून आयजीवर, म्हणजे लांब पल्सच्या तुटक करंटवर गेले, १०० मिलिसेकंद. तिसऱ्या धक्क्याला स्नायू आकसला, पण गांडुळासारखा, सावकाश, आणि तितकाच सावकाश सैल पडला.

"अगं, बघ, हलला!" काका ओरडले. काकूंनी मशीनला हात जोडले.

ती संथ हालचालच वाईट खूण. स्नायूचा नसेशी संबंध सुटलाय. नस परत वाढलीच तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

मी लगेच बोलले नाही. नस आणि स्नायू तपासणाऱ्या एनसीव्ही-ईएमजी टेस्टची चिठ्ठी लिहिली, पाऊल लोंबू नये म्हणून स्प्लिंटचं माप घेतलं. मग सांगितलं.

काका बराच वेळ पायाकडे बघत राहिले. "मग हलवलास कशाला, पोरी?"

"तपासायला, काका."

खरंच होतं ते. रिपोर्ट गुरुवारी मिळेल. पायावर आडवा टॉवेल धरला असता तरी तपासणी तेवढीच नीट झाली असती, हे मला रात्री वायरी गुंडाळताना सुचलं.