दादाचं ओसीआय कार्ड आणि मामांची बाग

भारताचे पासपोर्ट आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापतात हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. तर असा एक पासपोर्ट माझ्या मामेभावाकडे होता. दादा मूळचा पिंपळगावचा, आता अमेरिकेत, मध्यंतरी तिकडचा नागरिक झाला आणि इथलं नागरिकत्व आपोआप गेलं. कोणी काढून घेतलं नाही हां, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ च तसं आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं घेतलंत की इथलं संपलं. अमेरिका दोन पासपोर्ट चालवून घेते, आपण नाही.

मामींना एकच टेन्शन, पोराला घरी यायला व्हिसा लागणार का? नाही लागत, ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठीचं कार्ड) काढलं की आयुष्यभर कितीही वेळा या, कितीही दिवस रहा. मतदान नाही, निवडणूक नाही. पण आमच्याकडे खरा राडा झाला तो जमिनीवरून, कारण शेजारची द्राक्षबाग विकायला निघाली होती आणि दादाला घ्यायची होती, तर कळलं की ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळाली तर चालते. मामा लगेच, "म्हणजे आता मी कधी जातो याची वाट बघा!"

मला खटकतं ते वेगळंच. मनेका गांधींचा पासपोर्ट १९७७ ला जप्त झाला, त्यावर १९७८ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की परदेशात जाणं हे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या स्वातंत्र्यात येतं, अडवायचं तर प्रक्रिया न्याय्य पाहिजे. म्हणजे जायचा हक्क भक्कम. पण तिकडचा पासपोर्ट घेतलेल्या माणसाचं परत येणं कशावर, तर एका कार्डावर, आणि ते सरकार रद्द करू शकतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर सरकारने ठरवून दिलेले कायदे मोडले तरीसुद्धा (बाजू मांडायची संधी देतात, तेवढं बरं). मताचा हक्क देऊ नका त्याला, तिकडे बसून इथला आमदार कशाला निवडायचा. पण जिथे जन्मला तिथे यायचा हक्क तरी पक्का ठेवा ना.

मामांना हे अजिबात पटत नाही. "तिकडची शपथ घेतली ना त्याने?" घेतलीये, आणि त्या शपथेत बाकी देशांची निष्ठा सोडतो असं स्पष्ट म्हणावं लागतं, त्यामुळे इथे मी गप्प बसतो.