दुसरीच्या आईचं

आमच्या घरातली वारी सासूबाईंची. मी लग्न होऊन कराडजवळच्या आमच्या गावात आले, त्याच्या कितीतरी आधीपासून त्या गावच्या दिंडीतून माउलींच्या पालखीबरोबर चालायच्या. ज्येष्ठ लागला की दिंडीची भिशी भरायची, वळकटी बांधायची, मला चार सूचना द्यायच्या आणि आळंदीची वाट धरायची. पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची वारी थांबली. त्या गेल्या, वर्षश्राद्ध झालं, आणि पुढच्या ज्येष्ठात दिंडीप्रमुखांचा निरोप आला, "यंदा घरातून कोण येतंय?" मी म्हटलं, मी जाते. यांनी काही विचारलं नाही. संध्याकाळी भिशीचे पैसे आणून देवापाशी ठेवले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करणं म्हणजे काय, ते ज्या घरात झालंय तिथेच कळतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात. चादर बदलायची तर माणसाला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, मोकळ्या जागेत नवी अंथरायची, मग त्या गुंडाळीवरून अलगद दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. पाणी पाजताना फार जपायचं, कारण गिळण्याची ताकद गेलेली असली की पातळ पाणी श्वासनलिकेत उतरतं. त्यापेक्षा दाटसर पेज बरी, तीही पाठीला उशा देऊन, ताठ बसवून, चमचा चमचा. हे सगळं एका नर्सताईंनी शिकवलं. यांनीही आईचं केलं. उचलून खुर्चीत बसवणं, आंघोळ घालणं, कपडे बदलणं. मुलाने आईचं असं करायला संकोचायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

झटका मेंदूच्या डाव्या बाजूला होता. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. 'पाणी' एवढं म्हणतानासुद्धा त्यांचे ओठ थरथरायचे आणि डोळ्यांत पाणी यायचं. पण संध्याकाळी मोबाइलवर हरिपाठ लावला की त्यात त्यांचा आवाज मिसळायचा. चालीत, शब्द न् शब्द. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले. वाटलं, बोलायला लागल्या. वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी मग समजावलं की बहुतेकांचं बोलणं मेंदूच्या डाव्या भागातून चालतं, पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं, चालीत बसलेलं काही दुसऱ्या वाटेनेही बाहेर येऊ शकतं. हरिपाठ संपला की सासूबाई पुन्हा मुक्या व्हायच्या. मी दिवसातून दोनदा हरिपाठ लावू लागले, त्यांचा आवाज ऐकायला.

त्याच काळात मिरजेला माझी आई आजारी पडली. किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दादाची नोकरी, त्यामुळे नेणं-आणणं वहिनीच करायच्या. वहिनींच्या स्वतःच्या आई जत भागात, म्हाताऱ्या, एकट्या. त्यांच्याकडे वहिनींची भावजय बघायची. आणि मी इकडे सासूबाईंच्या उशाशी. जी ती दुसरीच्या आईचं करत होती. मी अधूनमधून सकाळच्या एसटीने मिरजेला जायचे, आईच्या हातावरच्या सुयांच्या गाठींवरून हात फिरवायचे आणि अंधार पडायच्या आत परत. एका पहाटे दादाचा फोन आला. मी पोचले तेव्हा आईला अंगणात घेतलं होतं.

सासूबाई गेल्या त्या माझ्या हातून शेवटची पेज पिऊन. त्यांचं दुःख मला झालंच, पण त्या दुःखात कुठे रुखरुख नव्हती. आईचं दुःख तसंच पडून राहिलं. त्याला हात घालायला सवड मिळाली नव्हती. लोक भेटायला आले की म्हणायचे, "त्या सुटल्या, आता तुम्हीही सुटलात." हे कुणी कुणाला म्हणू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या माणसाभोवती वर्षानुवर्षं दिवस फिरला, ते गेल्यावर बाई सुटत नाही. रात्री तीनला मला जाग यायची ती यायचीच. कूस बदलायची वेळ.

दिंडीत तीनलाच उठतात. टँकरपाशी अंधारात आंघोळी, काकडा, चहा, पाल सोडून वळकट्या ट्रकमध्ये टाकायच्या आणि चालू लागायचं. माझ्या त्या वेळेला काम मिळालं.

आळंदीहून पुणे, आणि पुण्याचा मुक्काम उरकून एकादशीला सासवड. सबंध वारीतली सर्वांत लांब मजल, तीसेक किलोमीटरची, तीही उपवासाच्या पोटी. त्यात दिवे घाट. घाट चढताना रथाला जादा बैलजोड्या लावतात, टाळ वाजत राहतात, आणि वळणावरून मागे पाहिलं की खालपर्यंत माणसंच माणसं. या सगळ्याला दिंड्यांची शिस्त लावली ती आमच्याच सातारा भागातल्या आरफळच्या हैबतबाबांनी, १८३२ पासून. माझ्या शेजारी चालत होत्या आक्का. सत्तरी ओलांडलेल्या, डोक्यावर तुळशीवृंदावन, पायात रबरी चपला. सासूबाईंच्या जोडीने वर्षानुवर्षं चाललेल्या.

"तुजी सासू हितं आली की बोलायची बंद हुयाची," आक्का म्हणाल्या.

"दम लागायचा का?"

"दम कशाचा! आईची आठवन. तिची आई दुकन्यात हुती, तवा हिला म्हायेरी धाडलं न्हाई. सुगी चालली हुती म्हणं. सुगी सरस्तवर म्हातारी गेली. नीरेच्या पान्यात दोन फुलं सोडायची दरसाली. येक आईचं. दुसरं कुनाचं ते म्या कदी इचारलं न्हाई."

मी त्यांच्या हाताखाली नांदले, त्यांचं सगळं अंग माझ्या हातांना पाठ झालं होतं, आणि हे मला कधी कळलं नव्हतं. मग आठवलं, आईच्या दहाव्याहून मी परत आले तेव्हा सासूबाईंनी धड असलेल्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं आणि बराच वेळ सोडलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना पाणी हवंय.

सासवडला तळावर समाज आरती झाली. ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगायला हवी. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, आणि चोपदार चोप वर धरतात. क्षणात सगळं शांत. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती टाळ वाजवत राहते, चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात, तोवर आरती थांबते. मग हरवल्या-सापडल्याची यादी. एक चष्मा सापडलाय. एक पिशवी, आत औषधं. एक आजी चुकल्यात, दिंडीचा नंबर सांगता येत नाही. इतक्या लाखांच्या मेळ्यात एका चष्म्यासाठी आरती थांबते. घरी दुखणाईताचं करणाऱ्या बाईला दिवसभरात कुणी एवढं विचारत नाही.

जेजुरीचा भंडारा अंगावर घेऊन, वाल्हे मागे टाकून आम्ही नीरेवर आलो. माउलींच्या पादुकांना स्नान घातलं आणि दिंड्या नदीत उतरल्या. मी सासूबाईंचं एक आणि आईचं एक अशी झेंडूची फुलं सोडली. मग सासूबाईंच्या आईसाठी तिसरं. त्यांचं नाव मला माहीत नाही. तिथे पाण्यात उभी राहून मी आईसाठी रडले, पहिल्यांदाच पोटभर. आजूबाजूच्या कुणी 'रडू नका' म्हटलं नाही. आक्कांनी माझी पिशवी तेवढी धरून ठेवली.

नीरा ओलांडली की आपला सातारा जिल्हा. लोणंद, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण. माउलींचा अश्व, ज्याच्यावर स्वार नसतो, तो दौडत गेला आणि बायका त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावल्या. मीही धावले.

फलटणच्या मुक्कामात काही तरुण मुलं वारकऱ्यांच्या पायांना तेल लावून देत होती. माझ्या टाचेला फोड आले होते. मी पाय आखडून घेतले, परक्या पोराकडून पाय चेपून घ्यायचे कसे?

"माउली, द्या हो पाय," तो म्हणाला.

त्याने एका तळहातावर माझा घोटा पेलून धरला आणि दुसऱ्या हाताने तेल लावू लागला. त्या धरण्यावरून मी ओळखलं. लुळ्या पायाचं केलेला माणूसच असा धरतो, घोट्याला आधार देऊन, पाऊल खाली लोंबकळू न देता.

"घरी कुणाचं केलंस रे?" मी विचारलं.

"आजोबांचं," तो म्हणाला. "आई नोकरीला, मग मीच." आणि फोड चुकवत बोटांमधून अंगठा फिरवत राहिला. मी डोळे मिटून घेतले. आपलं कुणीतरी करतंय, हे अंगाला किती दिवसांनी कळलं.

वेळापुरात कीर्तनात पुंडलिक आला. वारीत तो येतोच. आईबापांचे पाय चेपत बसलेला, दारात आलेल्या देवाकडे वीट सरकवणारा, थांब म्हणणारा. बुवा फार सुंदर बोलले, पुरुषांच्या बाजूनेही डोळे पुसले गेले. मला हात वर करून सांगावंसं वाटत होतं की बाबांनो, पुंडलिक मुलगा होता. कथा मुलाची आहे आणि आमच्या घराघरांत वीट सरकवायचं काम सुनेकडे आहे. ऐकून जे रडताय, त्यांनी माणूस झोपलेला असताना चादर कशी बदलायची ते गावाकडे जाऊन शिकून घ्या. आणि सुनेची आई जिकडे दुखण्यात असेल, तिकडे तिला आधी धाडा. सुगी नंतर होईल. मला पंढरी प्रिय आहे, म्हणूनच हे म्हणते. सगळा वारकरी ज्या गावाला माहेर म्हणतो, त्या वाटेवर चालणाऱ्या बायकांना स्वतःच्या माहेरी आईजवळ चार रात्री बसायला मिळू नये, हे मला पटत नाही.

दशमीला पंढरपूर. चंद्रभागेत स्नान, वाळवंटात पुंडलिकाचं दर्शन, नामदेव पायरी, कळसाला हात जोडले. रांगेत उभी राहिले नाही. सासूबाईही राहायच्या नाहीत म्हणे. संध्याकाळी मठात हरिपाठ सुरू झाला आणि मला त्यांचा तो आवाज लख्ख ऐकू आला, बाकी सगळं हरवूनही चालीवर घट्ट असलेला. त्या या बायकांत बसून म्हणायच्या, या भिंतींच्या आत. म्हणून तो शेवटपर्यंत टिकला असेल.

हरिपाठ झाल्यावर मी मिरजेला फोन लावला. वहिनींच्या आई पडल्याचं आणि खुब्याचं हाड मोडल्याचं दादा वारीच्या आधीच बोलला होता.

"वहिनी, तुम्ही जतला जा. महिनाभर राहा. दादाचं आणि मुलांचं मी येऊन बघते."

"अहो वन्सं, एवढं चालून आलाय, चार दिवस घरी टेका तरी. आणि तुमचं घर?"

"घर हे बघतील. यांच्याशी बोलणं झालंय."

वहिनी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गॅसला नंबर लावून ठेवते. धाकट्याला कारलं चालत नाही."

पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला. दिंडीचा ट्रक कराडकडे निघाला आणि मी मिरजेची गाडी धरली. वहिनींनी पिशवी भरून ठेवली होती, पण निघण्याआधी मला आतल्या खोलीत नेलं आणि स्वतःच पलंगावर आडव्या झाल्या. "खुबा न दुखवता कुशीवर कसं घ्यायचं, चादर कशी काढायची, करून दाखवा मला," म्हणाल्या. मी दोन गुडघ्यांच्या मधे उशी ठेवली, एक हात खांद्याला, एक कमरेला लावला आणि त्यांना माझ्याकडे वळवलं. "आता तुम्ही झोपा," त्या म्हणाल्या, "मला जमतंय का बघू."