जोड्यांची बेरीज आणि चुकीच्या कॉलममधलं हिस्टिडिन

गेला आठवडाभर संध्याकाळी एकच काम चालू होतं, २० ग्लोबिनचं, म्हणजे हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रोटीनचं, मल्टिपल अलाइनमेंट. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, प्रत्येक अमिनो आम्लाला एक अक्षर, आणि अक्षरांची ती ओळ म्हणजे सिक्वेन्स. माणसाच्या हिमोग्लोबिनची अल्फा आणि बीटा साखळी, घोड्याची, स्पर्म व्हेलचं मायोग्लोबिन आणि त्यात एक ल्युपिन नावाच्या शेंगवर्गीय झाडाचं लेगहिमोग्लोबिन, असे सगळे एकाखाली एक लावायचे, म्हणजे ज्या अक्षरांचा पूर्वज एक ती अक्षरं एका कॉलममध्ये आली पाहिजेत. मी गॅप पेनल्टी, म्हणजे मध्ये रिकामी जागा सोडल्याचा दंड, बरीच खाली आणली आणि अलाइनमेंटचा एकूण स्कोअर एकदम वर गेला, खूप बरं वाटलं. मग प्रिंट काढून केशरी स्केचपेनने लोहाला धरणारी हिस्टिडिन ही अमिनो आम्लं रंगवायला बसले तर १९ एका कॉलममध्ये आणि लेगहिमोग्लोबिनचं भलतीकडेच.

ते कुठे गेलं होतं बघा. माणसाच्या बीटा साखळीत ९२ व्या जागेचं हिस्टिडिन ग्लोबिनमध्ये बसलेल्या हीम नावाच्या रेणूतल्या लोहाच्या अणूला थेट धरून असतं, ते हललं तर ग्लोबिनला अर्थच नाही. पण पाचच घरं पुढे, ९७ व्या जागी, अजून एक हिस्टिडिन आहे. लेगहिमोग्लोबिनचं लोह धरणारं हिस्टिडिन जाऊन बसलं त्या दुसऱ्याच्या खाली! स्कोअरला दोन्ही सारखेच, हिस्टिडिनखाली हिस्टिडिन आलं की अधिक ८, विषय संपला.

हे आकडे येतात ब्लोसम ६२ मॅट्रिक्समधून, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांच्या गुणांच्या तक्त्यातून, हेनिकॉफ दांपत्याने १९९२ मध्ये केलेलं. नात्यातल्या प्रोटीनमध्ये कुठलं अक्षर कुठल्या अक्षराच्या जागी किती वेळा सापडतं ते मोजून, योगायोगाने किती सापडलं असतं त्याच्याशी तुलना करून गुण दिलेत. ल्युसिन-ल्युसिन ४, ल्युसिन-आयसोल्युसिन २, ल्युसिन-ग्लायसिन उणे ४. दोन सिक्वेन्स असतील तर प्रश्नच नाही, पण २० असले की एका कॉलमला गुण कसे द्यायचे? सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे जोड्यांची बेरीज, सम ऑफ पेअर्स, कॉलममधली प्रत्येक जोडी घ्या आणि गुण मिळवत चला. २० सिक्वेन्सच्या १९० जोड्या होतात.

आता वही-पेन घेऊन करून बघा. पाच सिक्वेन्स, पाचही ल्युसिन, तर १० जोड्या गुणिले ४, म्हणजे ४०. एकाचं ग्लायसिन करा, सहा जोड्यांचे २४ आणि चार जोड्यांचे उणे १६, उरले ८. म्हणजे ८० टक्के गुण गेले. तेच २० सिक्वेन्सना केलं तर ७६० वरून ६०८, फक्त २० टक्के गेले. खरं तर १९ जण ल्युसिन म्हणत असताना एकटं ग्लायसिन जास्त संशयास्पद वाटायला हवं की नाही, इथे उलट त्याला सूट मिळते! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीनदा गणित तपासलं.

याचं मूळ असं की ही पद्धत प्रत्येक जोडी स्वतंत्र धरते. वंशवृक्षाच्या एका फांदीवर एकदाच झालेला बदल ती १९ जोड्यांमध्ये १९ वेळा मोजते. शिवाय माणूस आणि चिंपांझीची बीटा साखळी अक्षरनअक्षर सारखी आहे, दोन्ही टाकल्या तर एकच मत दोनदा पडतं. क्लस्टल डब्ल्यू या अलाइनमेंट करणाऱ्या प्रोग्रॅमने १९९४ मध्ये यावर सिक्वेन्सना वजनं द्यायचा उपाय केला, जवळच्या नातेवाईकांना कमी आणि एकट्या पडलेल्याला जास्त, आणि मला तरी हे फार न्यायाचं वाटतं.

एन्ट्रॉपीनेही कॉलम मोजतात, सगळी अक्षरं सारखी असली की शून्य आणि जितकी सरमिसळ तितका आकडा मोठा. सोपं आहे पण त्याला रसायन कळत नाही, ल्युसिनच्या जागी आयसोल्युसिन आलं काय आणि ग्लायसिन आलं काय, त्याला एकच.

माझी चूक मात्र गॅपमध्ये होती. दंडच कमी केला तर बेरीज वाढणारच, दोन वेगवेगळ्या पेनल्टीचे स्कोअर शेजारी ठेवून तुलना करायचीच नसते हे मला माहीत होतं तरी मोह झाला. गॅप उघडायला मोठा दंड आणि लांबवायला छोटा, असं असतं त्याला कारण आहे, निसर्गात पाच अक्षरं बहुतेक एकाच फटक्यात गळतात. ब्लास्ट या सिक्वेन्स शोधायच्या प्रोग्रॅममध्ये प्रोटीनसाठी नेहमी उघडायला ११ आणि गॅपमधल्या प्रत्येक अक्षराला १ असतं, म्हणजे सलग पाच अक्षरांच्या गॅपला १६, पण पाच सुट्या गॅपना ६०. ग्लोबिन जवळजवळ सगळं हेलिक्सचं, म्हणजे स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांचं, बनलंय आणि हेलिक्सच्या मधोमध गॅप क्वचित पडतो, तो पडतो दोन हेलिक्सच्या मधल्या वळणात, म्हणून तर क्लस्टल डब्ल्यू पाण्याशी जमणाऱ्या अक्षरांच्या पट्ट्यात (वळणं बहुतेक तिथेच असतात) दंड आपोआप कमी करतं. माझ्या प्रिंटवर लोहाला धरणाऱ्या त्या हेलिक्सच्या पोटातच तीन छोटे छोटे गॅप होते.

काल रात्री पेनल्टी परत होती तिथे नेली. स्कोअर आधीपेक्षा कमी आला, आणि वीसच्या वीस केशरी हिस्टिडिन एका उभ्या रेघेत. आता ल्युपिन काढून टाकलं तर बाकीचे १९ जागचे हलतात का ते आज बघणार आहे.