दसऱ्याची मांडणी: सहा युकुलेल्या आणि एक भूप

दसऱ्याला आमच्याकडे वाद्यांची पूजा असते. आईची पेटी आणि तानपुरा तर लहानपणापासून पाटावर पाहत आले. त्यांच्या शेजारी आता माझ्या युकुलेल्या बसतात, म्हणजे गिटारसारखी दिसणारी चार तारांची छोटी वाद्यं. वर्षातून एकदा सगळ्या कपाटाबाहेर येतात, पुसल्या जातात, जुन्या तारा उतरतात, नव्या चढतात. म्हणून संग्रहाची नोंदही मी याच दिवशी करते. यंदा पाटावर सहा आहेत. एक नवी आली आणि एक मुकी होती ती बोलायला लागली.

आधी मुकी होती तिच्याबद्दल.

चार वर्षांपूर्वी मुंबईत जुन्या सामानाच्या एका दुकानात ही सोप्रानो, म्हणजे नेहमीच्या मापांतली सगळ्यात लहान युकुलेली, मिळाली. आत चिठ्ठी नाही, शिक्का नाही, त्यामुळे कुठली, किती सालची असलं काही सांगत नाही. तिच्या खुंट्या लाकडी आहेत, दात्यांच्या नाहीत. व्हायोलिनसारख्या निमुळत्या, नुसत्या घर्षणावर धरणाऱ्या. त्यांची भोकं झिजून लांबट झाली होती, त्यामुळे सूर लावला की दोन मिनिटांत खाली. ठाण्यातल्या गिटार दुरुस्त करणाऱ्यांनी आधुनिक खुंट्या बसवायचा सल्ला दिला. त्यासाठी भोकं मोठी करावी लागली असती. माझा हात धजावला नाही.

फेब्रुवारीत कामानिमित्त सांगलीला गेले, तेव्हा ती बरोबर घेतली आणि मिरजेच्या सतारमेकर गल्लीत शिरले. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. माझ्यासाठी महत्त्वाचं एवढंच, की लाकडी खुंटी हे तिथलं रोजचं काम. एका कारागीर चाचांनी ती हातात घेतली, खुंटी काढून उजेडात धरली आणि म्हणाले, "ताई, ही आमचीच खुंटी हाय. फक्त पोराएवढी." त्यांनी भोकं गोल करून घेतली आणि शिसवीच्या चार खुंट्या नव्या कातून बसवल्या. शेवटी खुंटी घसरू नये म्हणून खडू चोळला. चार दिवस, आठशे रुपये.

तारा मी तिथंच बसून लावल्या. सा पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी. वरून खाली छेडलं: प, सा, ग, ध. चाचांनी परत छेडायला लावलं. "प वरचा कसा? तानपुऱ्याचा प तर खालचा असतो." त्यांनी दोन छेडीत जे पकडलं, ते कळायला मला पहिलं वर्ष लागलं होतं. युकुलेलीची चौथी तार हाताला सगळ्यात वर असते, पण सुरात ती मध्य सप्तकातलीच असते. सा आणि ग या दोन्हींपेक्षा उंच, ध पेक्षा एकाच स्वराने खाली. त्यामुळे हात वरून खाली फिरवला की सुरुवात आणि शेवट शेजारी शेजारी होतात आणि सगळा झंकार एका मुठीत मावतो. हा घाट युकुलेलीचा स्वभावच आहे.

या वाद्याच्या जन्मात सुतारकाम आहे. २३ ऑगस्ट १८७९ ला रेव्हनस्क्रॅग नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाईतल्या होनोलुलूला लागलं. त्यातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्या पोर्तुगीज लोकांत मानुएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघं फर्निचर करणारे होते. कराराची मुदत संपल्यावर त्यांनी शहरात दुकानं टाकली आणि मदेराच्या माशेत या छोट्या वाद्यावरून, तिथल्या कोआ लाकडात, युकुलेली घडवली. राजा कालाकौआने तिला दरबारात जागा दिली. मिरजेतही सतारी करणारे पहिले लोक शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे होते. चाचांना मी होनोलुलूची गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी ही सांगितली.

आता नवी. मे महिन्यात आतेभाऊ कॅलिफोर्नियाहून आला, त्याने विमानात मांडीवर धरून टेनर, म्हणजे मोठ्या मापाची युकुलेली, आणली. अख्ख्या आंब्याच्या लाकडाची. तबली (वरची फळी), पाठ, कडा, सगळं आंबा. आमचं आजोळ राजापूरकडचं, तिथे आंब्याचं लाकूड म्हणजे फळांची खोकी आणि होमाच्या समिधा. हवाईत मात्र वाद्य करणारे ते मुद्दाम शोधतात, कारण बुरशीने लाकडात काळ्या रेघा आणि सोनेरी-तपकिरी छटा उतरतात. माझ्या टेनरच्या पाठीवर अशी एक रेघ आहे, नदीच्या नकाशासारखी. कोआचंही असंच आपल्या जवळचं नातं आहे. कोकणात रस्त्याच्या कडेला लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ तुम्ही पाहिली असेल. तिच्यासारखीच कोआची मोठ्या झाडावरची पानं कोयत्यासारखी वाकडी असतात. दोन्ही एकाच कुळातल्या.

टेनरची तारेची लांबी सुमारे ४३ सेंमी, सोप्रानोची ३४ च्या आसपास. लांबी वाढली की ताण वाढतो आणि आवाजाला पोट येतं. हिला मी चौथी तार खालच्या प ची लावली आहे. मंद्र प मिळाला की धून वाजवायला जागा होते, पण तो मुठीतला झंकार जातो. दोन्ही हवं असेल तर दोन वाद्यं लागतात, यावर माझं ठाम मत झालं आहे.

पावसाळा तिला जड गेला. मेमध्ये बाराव्या पडद्यावर तार २.६ मिमी उंच होती, जुलैच्या शेवटी ३.२. तबली ओल पिऊन फुगली होती. घरातला आर्द्रतामापक ८५ च्या खाली येत नव्हता, आणि अख्ख्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के मानवतं. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून तार खाली आणायचा मोह झाला, तो आवरला. तसं केलं असतं तर थंडीत तबली बसल्यावर तारा पडद्यांवर करकरल्या असत्या. कडक पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या, दाणे नारिंगीचे हिरवे झाले की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत आत. आज मोजलं: २.७.

बाकी चौघींचं थोडक्यात. पहिली लॅमिनेटची, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या लाकडाची सोप्रानो, जिच्यावर शिकले, तशीच ठणठणीत. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची सोप्रानो पावसाळी भटकंतीची. तिला ओलीचं काही नाही, आवाज पातळ. कॉन्सर्ट (सोप्रानो आणि टेनरच्या मधलं माप) मी अख्ख्या लाकडाची म्हणून घेतली होती आणि ती निघाली लॅमिनेटची. घेताना तबलीवरच्या मोठ्या भोकाच्या काठाकडे नीट बघा. वरच्या रेषा जाडीतून तशाच खाली उतरलेल्या दिसल्या पाहिजेत. मला तिथे तीन थर दिसले, पण पैसे दिल्यानंतर. दुःख झालं. तरी तिची दांडी हाताला फार गोड आहे, म्हणून ठेवली. बॅरिटोन सगळ्यात मोठी, तिचे सूर गिटारच्या बारीक बाजूच्या चार तारांचे, पण सा पांढरी पाच धरला की तिथेही प सा ग ध च येतं, प मंद्रातला. आईचा सा तोच. संध्याकाळी ती गायला बसली की बॅरिटोन खाली उतरते.

आणि प सा ग ध म्हणजे भूप रागाचे पाचातले चार स्वर, उघड्या तारांवर, बोट न लावता. राहिला रे. तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर. तार सा हवा तर ध च्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर. म्हणजे दोन बोटांत अख्खा आरोह. मजा अशी की ग, प, ध वेगवेगळ्या तारांवर असल्यामुळे एक स्वर वाजताना मागचा थांबत नाही, सगळे एकमेकांत मिसळत राहतात. खालच्या प च्या टेनरवर हे होत नाही. मिरजेच्या खुंट्यांच्या सोप्रानोवर होतं, आणि तिच्यावर सगळ्यात सुंदर. सहा महिने रोज वीस मिनिटं एवढंच घोटते आहे. आरोह स्वच्छ येतो. अवरोहात ध वरून प वर येताना अंगठा अजून अडखळतो, कारण स्वर एकच उतरायचा आणि हाताला मात्र पहिल्या तारेवरून थेट चौथीवर जायचं.

पाच दिवसांनी कोजागिरी आहे. गच्चीवर आई गाणार, मी जुन्या सोप्रानोवर भूप वाजवणार असं ठरलं आहे. आज चढवलेल्या तारा अजून ताणताहेत, तासाभरात पाव सूर उतरतात. सकाळ-संध्याकाळ खुंट्या पिळते आहे, आणि खडूचा तुकडा पाटावरच ठेवला आहे.