सोळाची पिन

मी जुन्या सोफ्यांना नवं कापड आणि गादी बसवतो. कोथरूडच्या एका घरी हवेचा कॉम्प्रेसर दुसऱ्या मजल्यावर चढवावा लागला, कारण सोफा खाली उतरत नव्हता. सागाचा, तीन जणांचा, जुन्या मापाचा सोफा. फ्लॅटमध्ये आणताना तो बाल्कनीतून दोर लावून वर घेतला होता. पुढे बाल्कनीला ग्रिल बसलं आणि सोफा कायमचा आतच राहिला. आजी म्हणाल्या, "तो आता या घरातून जायचा नाही. तुम्हीच इथे या." जुलैचा महिना, बाहेर पाऊस, आणि चार दिवसांनी नातीचा साखरपुडा. मी आणि माझा भाचा सकाळी आठला सामान घेऊन पोचलो.

आधी सोलायचं काम. वरचं रेक्झिन काढलं तर खाली जुनी टॅपेस्ट्री, तिच्याखाली कापूस, मग काथ्या, मग किंतान, आणि सगळ्याला धरून ठेवलेल्या लोखंडी चुका, म्हणजे छोटे खिळे. दुपारपर्यंत पत्र्याचा एक डबा चुकांनी भरला. ज्यानं त्या मारल्या त्याच्या हाताला मी मनोमन नमस्कार केला. अंतर इतकं सारखं, की पट्टी लावून मारल्यासारखं. माझे वस्तादही असंच काम करायचे. मूठभर चुका तोंडात, जिभेनं एकेक फिरवून डोकं ओठांशी आणायचं, चुंबकाच्या हातोडीनं ते उचलायचं आणि दोन ठोक्यांत बसवायचं. एका हातानं कापड ताणलेलं, दुसऱ्या हातात हातोडी. मी त्यांच्याकडे तीन वर्षं होतो, पण तो वेग मला कधी आला नाही. २०११ मध्ये पहिली हवेची गन, म्हणजे कॉम्प्रेसरच्या हवेनं स्टेपलच्या पिना मारणारं यंत्र, घेतली तेव्हा मनगटाचं दुखणं गेलं आणि दिवसाला एक सोफा जास्त व्हायला लागला. त्या यंत्रानं माझं घर चालवलं आहे, त्यामुळे त्याबद्दल मी कृतज्ञतेनंच बोलतो.

ती गन ८० सिरीजची. म्हणजे पिनेची पाठ, दोन पायांना जोडणारा आडवा भाग, जवळपास १३ मिमी रुंद, तार २१ गेजची, आणि पिन ६ पासून १६ मिमीपर्यंत कुठलीही चालते. प्लायच्या नव्या सोफ्याला, पाइनच्या चौकटीला, नवारीच्या पट्ट्यांना हिच्यासारखी गन नाही. आमच्या धंद्यात बहुतेकांकडे हीच असते किंवा १०१३. त्या १०१३ मधले १० म्हणजे पिनेची सिरीज आणि १३ म्हणजे सगळ्यात लांब पिनेचे मिलिमीटर. नावातच माप आहे, पण दुकानात गन मागताना या आकड्यांचा अर्थ विचारणारे मी फार थोडे पाहिले. बहुतेक जण विचारतात, "जोरात मारते ना?" मीही पहिल्यांदा तेच विचारलं होतं.

बैठकीची चौकट उलटी करून नवार लावायला घेतली. सागाची पट्टी चांगली ४० मिमी जाड, जुनी, हाडासारखी कडक. नवारीवर माणसाचं सगळं वजन येतं, म्हणून १६ ची पिन भरली आणि हवेचा दाब ९० पौंडांवरून १०० वर नेला. नवार एकदा मारली, टोक दुमडलं, पुन्हा मारली. पिना लाकडाच्या रेषेला थोड्या तिरक्या घातल्या. दोन्ही पाय एकाच रेषेत गेले तर लाकूड त्या रेषेनं फाटतं, तिरकी मारली की दोन पाय दोन वेगळ्या रेषांत बसतात. ऐंशीच्या वर पिना एकही न वाकता गेल्या. भाचा म्हणाला, "मामा, आज मशीन काय सुरात आहे!" खरंच होती. सकाळीच टाकीचं पाणी काढलं होतं, नळीच्या तोंडाशी तेलाचे दोन थेंब सोडले होते, आणि जुन्या चादरीवर दहा-बारा पिना मारून जास्तीचं तेल बाहेर काढलं होतं. हे केलं नाही तर नव्या कापडावर तेलाचा बारीक फवारा बसतो आणि तो डाग निघत नाही.

त्याच सुरात मी सोफा सरळ केला आणि त्याच्या हाताला, म्हणजे बसल्यावर हात टेकवतो त्या बाजूला, लागलो.

सोफ्याच्या हातावर वरच्या अंगाला गादी बसवायची खाच होती. मागच्या बाजूला, पाठीला जिथे हात मिळतो तिथे, लाकूड जाड. पुढे हात गोलाई घेऊन खाली वळतो, आणि त्या वळणावर सुतारानं आतून लाकूड कोरून काढलं होतं, म्हणजे गादी बोटाखाली मऊ लागावी. बाहेरून हे काहीच कळत नाही. बाहेरून सगळीकडे सारखंच गुळगुळीत, पॉलिश केलेलं सागवान. मी किंतान ठेवलं, मागून पुढे मारत आलो. ठक, ठक, ठक. हातोडीनं काम करताना पहिल्या ठोक्याला लाकूड उत्तर देतं, कुठे पोकळ, कुठे पातळ हे हाताला कळतं. गनला तेवढा वेळच नसतो. बोट दाबलं की पिन आत. अकरा पिना मारून मी दुसऱ्या बाजूला वळलो.

आजी चहा घेऊन आल्या. कप ठेवायच्या आधी त्यांनी डावा हात सोफ्याच्या हातावर टेकवला आणि वळणावरून खाली फिरवला. ती त्यांची रोजची सवय असणार, कारण त्या जागचं पॉलिश सगळ्यात जास्त चकाकत होतं. हात अर्ध्यावर थांबला.

"इथे काहीतरी टोचतंय हो."

मी खाली वाकून पाहिलं. पॉलिश केलेल्या अंगातून दोन चकचकीत टोकं बाहेर आली होती, जेमतेम एक-दीड मिलिमीटर. दोघांमधलं अंतर बोटाच्या रुंदीएवढं, म्हणजे १३ मिमीच्या आसपास. ते अंतर पाहूनच कळलं की ही दोन टोकं एकाच पिनेचे दोन पाय आहेत. टोकांभोवती सागाची पातळ चिलपी उचलली गेली होती, आणि एका टोकाला रक्ताचा ठिपका होता. आजींच्या तळव्यावर बारीक रेघ उमटली होती.

माझ्या पोटात खड्डा पडला. नवारीच्या १६ च्या पिना मी बदललेल्याच नव्हत्या. हवाही तशीच १०० वर होती.

भाच्यानं पहिलं काम बरोबर केलं, नळी गनपासून सोडवली. पिन अडकलेली असो, बदलायची असो की नुसतं विचार करायला थांबायचं असो, आधी हवा तोडायची. नाक लाकडावर दाबल्याशिवाय पिन सुटू नये अशी खिट्टी या गनला बहुतेक वेळा नसते, ती हवेत धरूनही सुटते. मग आम्ही आजींचा हात धुतला, हळद लावली. त्या म्हणाल्या, "माझं राहू द्या. लाकडाचं बघा. हे तिथेच बसायचे." हे म्हणजे आजोबा. त्यांचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

पिन बाहेरून ठोकून आत ढकलायचा मोह होतो. तसं करू नये. टोक बोथट होतं, वाकतं आणि परत जाताना भोक मोठं करतं. मी आतून पाठ उचकटली आणि बारीक पकडीनं सरळ रेषेत, जराही न हलवता, हळूहळू ओढली. टोकं आत गेली. चिलपी नखानं दाबली तर परत जागेवर बसली. मग उरलेल्या दहा पिनाही काढल्या. त्या आरपार गेल्या नव्हत्या, पण वळणाजवळच्या दोघींचे पाय पॉलिशच्या अगदी कातडीपर्यंत पोचले असणार, आणि उद्या कुणी जोरात हात टेकवला असता तर त्या बाहेर आल्या असत्या.

भोकं बुजवायला फेव्हिकॉल वापरला नाही. वाळल्यावर त्यावर पॉलिश धरत नाही आणि फिकट डाग कायम दिसतो. त्याच सोफ्याच्या आतल्या अंगाला काचपेपर घासून सागाची भुकटी काढली, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्यात, म्हणजे लाखेत, कालवली आणि काडीनं भरली. वाळायला ठेवली आणि स्कूटर काढून छोट्या पिनेची गन घ्यायला बोहरी आळीत गेलो.

रविवार पेठेतल्या या बाजारात पावसाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, पण मला घाई होती आणि काय हवं ते ठाऊक होतं. दुकानदारानं आधी दाखवली ती मोठी, जोरकस, ८० चीच नवी गन. मी सांगितलं, आधी पिन दाखवा. ७१ सिरीजच्या ६, ८ आणि १० मिमीच्या पिना काढायला लावल्या. पाठ ९ मिमीच्या आसपास, तार २२ गेजची, हातात घेतली की ८० पेक्षा नाजूक वाटते. त्या तिन्ही मापांच्या पेट्या दुकानात नेहमी मिळतात याची खात्री केली, कारण पिन मिळत नसेल तर गन लोखंडाचा तुकडा आहे. मग गन पाहिली. नाक लांब आणि अरुंद, खाचेत जाईल असं. वजन एक किलोच्या आत. संध्याकाळपर्यंत खांद्याच्या वर धरायची असते, त्यामुळे शंभर ग्रॅमचाही फरक पडतो. खिशात सागाचा तुकडा नेला होता. दुकानातल्या हवेवर ७० पौंडांना ८ ची पिन मारून पाहिली, कापड धरून. पाठ कापडाशी सपाट बसली, ना वर उभी राहिली, ना कापडात रुतली. १०० ला मारली तर पाठीनं टॅपेस्ट्रीचे दोन धागे कापले. एकदा बोट दाबून एकच पिन येते का, हेही वीस वेळा पाहिलं. काही गना दाबून धरलं की मारतच राहतात. सोफ्याच्या तळाचं काळं कापड लावायला त्या सोयीच्या, पण अशा कामाला मला नको.

परत आलो तेव्हा चार वाजले होते. भाच्यानं तोवर एक काम मनानं केलं होतं. कॉम्प्रेसर हॉलमधून उचलून स्वयंपाकघरामागच्या गच्चीत आडोशाला, थेट मोठ्या प्लगजवळ नेला होता, आणि तिथून हवेची दहा मीटरची नळी आत आणली होती. सकाळी आम्ही विजेची वायर लांबवली होती आणि मोटर सुरू होताना कण्हत होती. वायर लांबवण्यापेक्षा नळी लांबवणं केव्हाही चांगलं. हॉलमध्ये आता माणसाचं बोलणं ऐकू येत होतं.

मी गन हातात घेतली नाही. आधी वळणाची जाडी मोजली. एका बाजूला लाकडी ठोकळा, दुसऱ्या बाजूला पट्टी, मध्ये खाचेचा तळ. सगळ्यात पातळ जागी १२ मिमी. किंतान आणि कापड मिळून जेमतेम दोन. म्हणजे १६ ची पिन बाहेर येणारच होती. मागच्या जाड भागात ८ ची आणि वळणावर ६ ची, असं खडूनं सोफ्याच्या हातावर लिहून ठेवलं. हवा ७०. पिना पुन्हा तिरक्या. प्रत्येक तिसऱ्या पिनेनंतर मी बाहेरच्या अंगावरून तळवा फिरवत होतो. आजी समोर खुर्चीत बसून पाहत होत्या आणि एकदाही "झालं का" म्हणाल्या नाहीत.

रात्री साडेआठला पॉलिशचा कापसाचा बोळा शेवटचा फिरवला. ती दोन भोकं अजून दिसत होती, तिळाएवढी, आजूबाजूच्या लाकडापेक्षा किंचित गडद. मी आजींना दाखवली. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्या हाताचे पैसे घेणार नाही असं सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, बोटानं चाचपलं. म्हणाल्या, "आता टोचत नाही." पैशांचं त्यांनी ऐकलं नाही.

घरी गेल्यावर मी १६ च्या सगळ्या पेट्यांना लाल चिकटपट्टी लावली आणि ८० ची गन वेगळ्या पिशवीत घातली.

पुढच्या आठवड्यात सदाशिव पेठेत शिसवीच्या चार खुर्च्या होत्या. मी नळी जोडत होतो, तोवर भाचा पट्टी घेऊन पाठीच्या खाचेशी वाकला होता.

"मामा, इथे अकराच भरतात."

मी ७१ ची गन काढली आणि ६ च्या पिना भरल्या.